चौथा बोळा

इंजिनाला आत्मा असतो, असं आमच्या तेलगावच्या चौकातले वस्ताद फार गंभीरपणे सांगत. सांगताना डोळे अर्धे मिटत, हातातला पाना छातीशी धरत, आणि ऐकणारा ट्रकमालक क्षणभर का होईना अंतर्मुख होई. हे विधान ते साधारणपणे कबूल केलेल्या दिवशी गाडी तयार नसली की करत.

त्यांचं गॅरेज म्हणजे चार लोखंडी खांब, वर पत्रे आणि मागे एक बाभूळ. रस्त्याच्या अलीकडे माझं स्पेअर पार्टचं दुकान. वडिलांनी ते माझ्या हवाली केलं तेव्हा मी एम. ए. होऊन घरी बसलो होतो. फरक एवढाच पडला की घरी वाचायचो ती पुस्तकं गल्ल्यावर वाचू लागलो. पानावरून मान वर केली की समोर वस्ताद. त्यामुळे मला त्यांच्याविषयी जे माहीत आहे ते बरंचसं दोन पानांच्या मधलं आहे.

उंच, वाळकं शरीर. कपडे तेलाने काळे, पण डोक्यावरची टोपी कडक पांढरी. टोपी सरकवायची झाली तर मनगटाने सरकवत. त्या टोपीमुळे नवखा ड्रायव्हर त्यांना आधी कुठल्या तरी सोसायटीचा चेअरमन समजे आणि नमस्कार करी. वस्ताद तो नमस्कार स्वीकारत आणि मग त्याच्या गाडीखाली शिरत.

त्यांची खासियत मॅनिफोल्डची. ते 'मेनीफोल' म्हणत. ट्रकच्या इंजिनाला हवा पुरवणारी ही बिडाची लांबट पेटी सहा भोकांवर बोल्टांनी आवळलेली असते. ती काढली की इंजिनाची सहा तोंडं उघडी पडतात, आणि त्यात जे पडेल ते थेट पोटात जातं. एखादा नट आत गेला आणि गाडी चालू केली, तर इंजिनाचं काय होतं ते विचारू नये. म्हणून उघड्या इंजिनाजवळ येणाऱ्या प्रत्येकाने खिसे रिकामे करायचे, असा त्यांचा नियम होता. खांबाला एक पत्र्याचा डबा टांगलेला असे. पेन, किल्ल्या, मोबाइल, सुटे पैसे, तंबाखूची डबी, सगळं त्यात ठेवायचं आणि मग आत यायचं. चष्मा असेल तर दोरी बांधून.

एकदा तालुक्यातले एक पुढारी आपल्या उसाच्या ट्रकची चौकशी करायला आले. कारखान्यावरून सत्कार उरकून थेट आलेले, गळ्यात झेंडूचा हार तसाच. मागे चारपाच माणसं. वस्तादांनी त्यांना डब्यापाशी थांबवलं आणि हार काढायला सांगितलं. पुढाऱ्यांना ते जड गेलं. हार घालून घेण्याची त्यांना सवय होती, उतरवण्याची नव्हती. एक कार्यकर्ता पुढे येऊन म्हणाला, "वस्ताद, फुलंच हायेत की, लोखंड हाय का?"

"फुलं जाळून टाकील इंजिन," वस्ताद म्हणाले. "तारंचं काय करंल?"

हारात खरोखरच तार होती. ती फुलांमधून उलगडून दाखवल्यावर पुढारी मोठ्याने हसले आणि 'असे जुने कारागीर आता राहिले नाहीत' असं काहीबाही बोलून निघून गेले. हार डब्यात राहिला. दुपारी तो बाभळीखालच्या शेळीने खाल्ला, तार सोडून.

बोल्ट काढताना तुटला तर वस्ताद त्याचं सुतक धरत. टोपी उतरवून खांबाला अडकवत, चहा नाकारत आणि जरा वेळ दगडावर बसून राहत. विचारलं तर म्हणत, "घाईनं मेला बिचारा." घाई हा त्यांच्या लेखी एकमेव आजार होता. गिऱ्हाईक फार मागे लागलं तर ते शांतपणे सांगत, की एवढी गडबड असेल तर एसटी हाय की. त्यांचं आणखी एक वचन होतं, की गॅसकेट आणि नातं एकदा उचकटलं की जुनं परत बसत नाही, नवंच टाकावं लागतं. हे वचन मला फारसं खोल वाटलं नाही, पण गॅसकेट, सांध्यात दाबून बसवायची ती पातळ पट्टी, मीच विकत असल्यामुळे मी कधी वाद घातला नाही.

आता बोळ्यांचं सांगतो. मॅनिफोल्ड निघाला की ती सहा तोंडं बुजवायला वस्ताद तांबड्या कापडाचे बोळे कोंबत. काम झालं, घाण खरवडून झाली, की बोळे काढायचे आणि मॅनिफोल्ड परत चढवायचा. ती बाजू नजरेला नीट दिसत नाही. हात आत घालून चाचपतच सगळं करावं लागतं. दुसरा कोणी असता तर त्याने सहा घातले, सहा काढले, असं मोजलं असतं. वस्ताद मोजत नसत. ते हाका मारत. "गया, ये भायेर. मी. विठा, ये. भागवत. काशी. रुक्मी." एकेका नावाला एकेक बोळा ओढून डिझेलच्या घमेल्यात टाकत.

ही त्यांची भावंडं. सगळ्यांत थोरली गया, मग ते स्वतः, मग बाकीची चार. आईबाप ऊसतोडीला जात. दर वर्षी फडावर, पाचटाच्या कोपीत, ट्रकच्या हौद्यात लेकरं सांभाळायची म्हणजे मोजावी लागणार, आणि लेकरं आकड्याने मोजली तर त्यांचं आयुष्य घटतं, अशी आमच्याकडे समजूत. म्हणून आई नावं घेई. ज्याचं नाव येईल त्याने 'हाय' म्हणायचं. मी एकदा वस्तादांना म्हणालो, की कापडाच्या चिंध्यांचं काय आयुष्य घटायचंय, सरळ सहा मोजावेत. त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं.

"अप्पा, आकड्यानं मोजलं तर एक कमी हाय एवढंच कळतं," ते म्हणाले. "कोन कमी हाय ते न्हाई कळत."

हे ऐकून मी पुस्तक मिटलं होतं, एवढं आठवतं.

पुढे विहिरीवरून भांडण झालं. सिरसाळ्याच्या वाटेवर त्यांची सामाईक जमीन, एक विहीर, पाण्याच्या ठरलेल्या पाळ्या. कुणी कुणाच्या पाळीला मोटर चालू केली, यावर दोन्ही भावांचं म्हणणं शेवटपर्यंत वेगळंच राहिलं. पारावर गाव जमलं. भागवत चारचौघांत म्हणाला, की दादा खोटं बोलतोय. वस्तादांनी तिथल्या तिथे बेलभंडारा उचलला. 'ह्या तोंडानं पुन्हा ह्याचं नाव घेतलं तर वैजनाथ बघून घेईल.' वैजनाथाला दुसरी कामं नसावीत, असं यात गृहीत धरलेलं होतं. पण बेलभंडारा उचलून घेतलेली शपथ आमच्याकडे मोडत नाहीत. मोडणाऱ्याला नंतर लग्नाच्या पंगतीत ज्या नजरेने वाढतात ती नजर मी पाहिली आहे.

शपथेची पहिली अडचण गॅरेजमध्ये आली. चौथ्या बोळ्याला हाक काय मारायची? वस्ताद एक दिवस त्यावर अडखळले आणि मग त्यांनी उपाय काढला. नावाच्या जागी ते खाकरू लागले. "गया. मी. विठा." मग घसा साफ केल्यासारखा एक दमदार आवाज. "काशी. रुक्मी." चौकात कुणालाही हे विचित्र वाटलं नाही. आपला एक भाऊ खोकल्यावर भागवता येतो, हे दोन वर्षं सगळ्यांनी मान्य केलं.

तिसऱ्या वर्षी भागवतच्या छातीत पाणी झालं. आधी दवाखाना झाला, नंतर डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. गयाबाई एका दुपारी गॅरेजवर आल्या. वस्ताद गाडीखाली होते, म्हणून त्या माझ्या दुकानात येऊन बसल्या. पाणी प्यायल्या आणि मला सांगू लागल्या. मी भाऊ नव्हतो, तरी कुणाला तरी सांगायला हवंच होतं.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. हंगामाचा पट्टा पडला, कारखाना बंद झाला, गावाकडे परतायचं. ट्रक भरला, आईने नावं घेतली, सगळ्यांचं 'हाय' आलं, भागवतचं नाही. ड्रायव्हरने गाडी चालू केली होती, थांबायला तयार नव्हता. तर हा, म्हणजे वस्ताद, हौद्यातून उडी टाकून पुढच्या चाकापुढे आडवा झाला. ड्रायव्हरने आईवरून शिव्या दिल्या. भागवत पाचटाच्या ढिगात झोपलेला सापडला.

"तवा चाकाफुडं निजला," गयाबाई म्हणाल्या, "आन् आता त्याचं नाव निघंना तोंडातून. भागवत म्हन्तो, काय न्हाई पायजे मला, दादानं एकदा नावानं हाक मारावी. जलमल्यापासून त्यानंच हाक मारलीय."

वस्ताद बाहेर आल्यावर त्यांनी बहिणीचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, बघाया येतो. आणि ते खरोखर गेले. तिथे काय झालं ते गयाबाईंनी नंतर सांगितलं. खाटेजवळ बसले, भावाच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं, भावजयीला विचारलं, "ह्याला चहा दिला का?" भागवत म्हणाला, "दादा, घे की एकदा नाव." वस्तादांनी पांघरूण पुन्हा सारखं केलं. मग खाकरले.

भागवतला ते खाकरणं कशाचं आहे हे माहीत नव्हतं. तो भिंतीकडे तोंड करून निजला.

त्या थंडीत चौकात सगळ्यांनाच खोकला होता. कापसाची धूळ, उसाच्या गाड्यांचा धूर, सकाळचं धुकं. वस्तादांना तर त्याने असं धरलं होतं की बोलता बोलता वाकत. मी घरून आणून त्यांना मध दिला. तो त्यांनी चहात घालून वाया घालवला. अशात कापसाच्या गाठींची एक गाडी मॅनिफोल्डच्या कामाला आली. हवा गळत होती, गॅसकेट जळालं होतं. वस्तादांनी दिवसभर काम केलं. सांजच्याला बोळे काढायची वेळ आली. मी समोर गल्ल्यावरच होतो, नावं मला ऐकू येत होती. गया. मी. मग खोकल्याची उबळ. विठा. पुन्हा खोकला, लांबलचक, वाकून. काशी. रुक्मी.

ऐकायला सगळं रोजच्यासारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी गाठी भरून धारूरच्या घाटाला लागली आणि अर्ध्यात काळा धूर ओकत थांबली. ड्रायव्हरने चाकांना दगड लावले आणि खाली येणाऱ्या जीपवाल्याकडे निरोप धाडला. वस्तादांनी पाने पिशवीत भरले. माझ्याकडे मोटारसायकल होती आणि गिऱ्हाईक नव्हतं.

घाटात वळणावर ट्रक तिरपा उभा. मागे रांग लागलेली, हॉर्न चालू. एक टॅक्सीवाला विचारत होता, हा कोण मिस्तरी आहे, ह्याला घाट कशाला अडवायला दिलाय. वस्तादांनी कुणाकडे पाहिलं नाही. बोल्ट ढिले केले, मॅनिफोल्ड उतरवला आणि हात आत घातला. पहिलं तोंड मोकळं. दुसरं, तिसरं मोकळं. चौथ्यात हात थांबला.

त्यांनी ओढून काढला तेव्हा तो बोळा म्हणण्यासारखा राहिला नव्हता. अर्धा आत खेचला गेलेला, कडा जळून कोळसा झालेल्या, मधे कुठे कुठे तांबडं. तो हातावर घेऊन ते उभे राहिले. ड्रायव्हरने काही विचारलं, मागच्याने हॉर्न दाबून धरला. वस्तादांना खोकला आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

"भागवत," ते म्हणाले. साध्या आवाजात. मग जरा वेळाने, "तू आतच राह्यलास व्हय रं."

"कोन भागवत?" ड्रायव्हर म्हणाला.

"भाऊ हाय माजा."

व्हॉल, म्हणजे हवेची झडप, वाकला होता. हेड खोलल्याशिवाय भागणार नव्हतं. वस्तादांनी सहाही तोंडांत घाईघाईने बोळे कोंबले, वर ताडपत्री बांधली आणि ड्रायव्हरला सांगितलं, की दोर लावून गाडी खाली आण, मी उद्या बघतो. उघडं इंजिन सोडून ते आजवर जेवायलाही गेले नव्हते. पाने रस्त्यावरच राहिले असते, मी उचलले. ते माझ्या मागे बसले आणि म्हणाले, "अप्पा, सिरसाळ्याच्या वाटंला घे."

मी गाडी वळवली. निम्म्या वाटेवर ते आपणहून म्हणाले, "वैजनाथाचं मी बघून घेतो."

रस्ताभर ते मागे काहीतरी पुटपुटत होते. वाऱ्यामुळे ऐकू येत नव्हतं. इतक्या वर्षांनी एखादा शब्द तोंडात नीट बसतो की नाही, ते बघत असावेत.

शेतातल्या घराच्या अंगणात माणसं बसली होती. आम्ही आलो तरी कुणी उठलं नाही, कुणी 'या' म्हटलं नाही. तेव्हाच कळलं. भागवतला अंगणात आणून ठेवलं होतं, अंगावर नवं पांढरं. चारही बहिणी उशाशी. गयाबाई म्हणाल्या, "लई उशीर केलास रं." त्यात राग नव्हता.

वस्ताद पायाशी उभे राहिले. टोपी मनगटाने मागे सरकवली. आणि मला वाटलं होतं ते रडतील, तर त्यांनी हाका मारायला सुरुवात केली.

"गया."

गयाबाईंनी मान वर केली. त्यांना काही समजलं नसावं, पण तोंडातून सवयीनेच निघून गेलं. "हाय."

"विठा."

"हाय."

"भागवत."

अंगणातली माणसं खाली पाहू लागली. वस्ताद थांबले, जेवढा वेळ आई थांबत असेल तेवढा. मग पुढे गेले. "काशी." "हाय." "रुक्मी." धाकटीला 'हाय' म्हणता आलं नाही, तिने नुसता हात वर केला.

मग त्यांनी भावाचा खांदा घेतला. म्हणजे तिरडीचा. तो शेवटपर्यंत कुणाला दिला नाही.

धारूरच्या घाटातली ती गाडी त्यांनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली नाही. पंधरा दिवस ती बाभळीखाली उभी होती आणि तिचा मालक, माणूस तसा तापट, रोज येऊन चहा पिऊन परत जात असे. पुढे त्यांनी हेड खोललं, व्हॉल बदलला. पण त्यानंतर हवेच्या बाजूचं काम घेणं बंद केलं. ब्रेक, क्लच, पाटे, एवढंच. खिसे रिकामे करायचा नियमही हळूहळू सुटला. डबा खांबाला होता, त्यात पानटपरीवाला चुना ठेवू लागला. मुलगा पुण्याकडे कंपनीत होता, तो त्यांना घेऊन गेला. तिकडे चौथ्या मजल्यावर त्यांना करमलं नाही, असं म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात तिकडेच गेले. चौकात कुणी शोकसभा घेतली नाही. ते एका अर्थी बरं झालं, कारण पुढाऱ्यांना हारासह बोलवावं लागलं असतं.

आमच्याकडे मरणाला तसंच सोडत नाहीत, त्याची कथा करतात. भागवतच्या दहाव्याला ज्या महाराजांचं प्रवचन होतं त्यांनी ती सगळ्यांत आधी सांगितली. म्हणाले, रक्ताचं नातं पाहा, तिकडे घाटात थोरल्याने इंजिनात हात घालून भागवत म्हणून हाक दिली, आणि इकडे अंथरुणावर धाकट्याने 'हाय' म्हणून डोळे मिटले. त्या एका हाकेसाठी जीव अडकून राहिला होता. मंडपातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले, बाप्यांनी नाक पुसलं. आता ड्रायव्हरही असंच सांगतो आणि घाटातून जाताना क्लीनरला ते वळण दाखवतो. वस्तादांसमोरही ही कथा सांगितली जायची. ते ऐकून घेत आणि मान हलवत. त्यांनी कधी ती खोडून काढली नाही, आणि मीही त्यांच्या हयातीत काही बोललो नाही.

भागवत सकाळीच, चहाच्या वेळेला गेला होता. आधी वस्तादांना कसं सांगावं यातच घरच्यांची दुपार झाली. मग गयाबाई आम्हा दोघांनाही फोन लावत राहिल्या, पण घाटात त्या वळणावर रेंज येत नाही. अजूनही येत नाही.